एअर इनटेक बदलून इंजिनाची ताकद वाढवणे: आधी मोजणी, मग कापाकापी

बाजारात मिळणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर, चकचकीत अॅल्युमिनियमची नळी, वर दोन क्लॅम्प. एवढे बसवले की गाडी जोरात पळेल असे मानून बरेच जण कामाला लागतात. आवाज नक्की वाढतो. ताकद मात्र कित्येकदा होती तेवढीच राहते, आणि काही गाड्यांमध्ये चक्क कमी होते. याचे कारण सोपे आहे: बोनेटखालची तापलेली हवा मोकळेपणाने ओढण्यापेक्षा बाहेरची थंड हवा थोड्या अडथळ्यातून ओढणे इंजिनाला जास्त मानवते. म्हणून या लेखात पार्ट विकत घेण्याच्या आधीची मोजणी जास्त आहे. अडथळा कुठे आहे आणि उष्णता कुठून येते हे कळले की निम्मे काम कंपनीच्याच एअर बॉक्सवर (फिल्टर ज्यात बसतो तो डबा) होऊन जाते.

नैसर्गिक श्वसनाच्या, म्हणजे टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या, पेट्रोल इंजिनात इनटेकच्या, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गाच्या, कामाने साधारण १ ते ५ टक्के ताकद मिळू शकते. यापेक्षा जास्त आकडा कुणी सांगत असेल तर त्यात ट्यूनिंग, एक्झॉस्ट किंवा अतिशयोक्ती मिसळलेली असते. ही वाढसुद्धा अॅक्सिलरेटरचे पॅडल पूर्ण दाबलेले असतानाच मिळते. अर्धवट पॅडलवर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, अर्धी मिटलेली झडप हाच सगळ्यात मोठा अडथळा असतो. त्याच्या आधीचा फिल्टर मोकळा झाला तरी तुम्ही पॅडल नकळत जरासे कमी दाबता, बाकी काही बदलत नाही. त्यामुळे मायलेज वाढेल या आशेने हे काम करू नये.

इंजिनाला हवा लागते किती

चार स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा ओढते. त्यामुळे हिशेब असा: क्षमता लिटरमध्ये × आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) ÷ २ × भरण्याची कार्यक्षमता (क्षमतेच्या किती टक्के हवा खरोखर भरते ते). १.५ लिटरचे इंजिन ६००० आरपीएमवर ८५ टक्के भरत असेल तर १.५ × ३००० × ०.८५ = ३८२५ लिटर प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६४ लिटर. ही हवा ६० मिमी आतल्या व्यासाच्या नळीतून जाताना तिचा वेग सेकंदाला साधारण २२.५ मीटर होतो. तीच हवा ५० मिमीच्या नळीतून नेली तर वेग ३२ मीटरच्या पुढे जातो. अडथळ्यामुळे होणारे दाबाचे नुकसान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १० मिमीचा हा फरक दिसतो त्याच्या दुप्पट महागात पडतो.

आपल्या गाडीचे आकडे या सूत्रात घालून कागदावर लिहून ठेवा. पुढे नळी, होस आणि बॉक्सचे तोंड यांचे माप ठरवताना हाच आकडा लागणार आहे.

मोजणीचे साहित्य

तीन गोष्टी हव्यात. पहिली, ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे उपकरण) आणि फोनवर लॉग साठवणारे अॅप. दुसरी, बारीक तारेचा थर्मोकपल असलेला थर्मामीटर. तिसरी घरीच बनते: ६ मिमीची पारदर्शक प्लॅस्टिक नळी, एका पट्टीवर यू आकारात बसवलेली, आत रंगीत पाणी. हाच तुमचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजण्याचे साधन. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक १० सेमी असेल तर दाबातला फरक जवळपास १ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या वातावरणीय दाबाच्या सुमारे १ टक्का. आणि इंजिनापर्यंत पोहोचणारा दाब १ टक्क्याने कमी झाला की ताकदही ढोबळमानाने १ टक्क्याने घटते. म्हणजे पाण्याचा प्रत्येक १० सेमी हा ताकदीचा एक टक्का समजा.

यूच्या दोन्ही भुजा किमान ६० सेमी उंच ठेवा. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत मध्येच एक छोटी रिकामी बाटली जोडा, म्हणजे अंदाज चुकून पाणी जास्त ओढले गेले तरी ते बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. यूचे दुसरे टोक केबिनमध्ये उघडे राहते, म्हणून मोजणीच्या वेळी काचा दर वेळी सारख्याच उघड्या किंवा बंद ठेवा, कारण चालत्या गाडीत केबिनमधला दाब काचेनुसार बदलतो. आणि हे काम दोघांनी करायचे आहे: एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने पाणी वाचायचे. रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग मुळीच करू नये. बंदिस्त ट्रॅक किंवा डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारे यंत्र) हीच त्याची जागा.

दाब तीन ठिकाणी घ्यायचा:

अ) एअर बॉक्समध्ये, फिल्टरच्या आधीच्या म्हणजे धुळीच्या बाजूला.
आ) फिल्टरच्या नंतरच्या स्वच्छ बाजूला.
इ) थ्रॉटल बॉडीच्या लगेच आधी नळीत.

प्रत्येक ठिकाणी ३ मिमीचे भोक पाडून त्यात छोटी नोझल बसवा. भोक भिंतीला काटकोनात असावे, नोझलचे टोक आत डोकावू नये आणि भोकाच्या कडेला आतून उठलेली धार राहू नये. टोक हवेच्या प्रवाहात आले तर तुम्ही दाबाऐवजी वेग मोजत बसता. भोक पाडताना तो भाग गाडीतून काढून घ्या. फिल्टरच्या पुढे पडलेला प्लॅस्टिकचा एक किससुद्धा सरळ सिलिंडरमध्ये जातो. काम झाल्यावर भोके रबरी बुचाने पक्की बंद करा.

तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून कमाल ताकदीच्या आरपीएमपर्यंत जा आणि त्या क्षणीचा फरक टिपा. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा.

आकडे वाचायचे कसे

समजा अ वर १२ सेमी, आ वर १७ सेमी आणि इ वर २५ सेमी आले. म्हणजे बाहेरून बॉक्समध्ये येण्याच्या तोंडात १२ सेमी गेले, फिल्टरमध्ये ५ आणि पुढच्या नळीत ८. या ८ मधले साधारण ३ सेमी मात्र नुकसान नाहीच. हवा २२.५ मीटर वेगाने धावू लागली की तिचा स्थिर दाब तेवढा उतरतोच. तो दाब वेगात रूपांतरित झालेला असतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे चांगली नळी उगाच बदलली जाते. खरे नुकसान २२ सेमी, म्हणजे जवळपास सव्वादोन टक्के, आणि त्यातले निम्म्याहून जास्त बॉक्सच्या तोंडाशी. या गाडीला जगातला सर्वात मोकळा फिल्टर बसवला तरी अर्धा टक्कासुद्धा हाती लागणार नाही.

कंपनीच्या बॉक्समध्ये सापडणारे चित्र बहुतेक वेळा असेच असते. कागदी फिल्टर नवा असेल तर तो दोषी क्वचितच निघतो. दोषी असते ते आवाज दाबण्यासाठी मुद्दाम अरुंद ठेवलेले पुढचे नाक, म्हणजे बॉक्समध्ये हवा घेणारे तोंड.

आता तापमान. ओबीडीवर इनटेक एअर टेम्परेचर दिसते. बाहेरचे तापमान थर्मामीटरवर घ्या आणि तीन स्थितींत फरक लिहा: एकसारख्या वेगाने दहा मिनिटे चालल्यावर, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे उभी असताना, आणि उभी राहून लगेच जोरात पळवल्यावर. चालत्या गाडीत आतली हवा बाहेरपेक्षा ५ ते १० अंशांनी जास्त असेल तर व्यवस्था चांगली. फरक २० अंशांच्या पुढे असेल तर तुमची ताकद तिथे अडकली आहे.

किती ते पाहा. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ५० अंशांची हवा ३५ अंशांवर आणली तर ३२३ ÷ ३०८, म्हणजे घनता जवळपास ५ टक्क्यांनी वाढते. ताकद तेवढी वाढत नाही, कारण मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) आणि व्हॉल्व्हजवळ हवा पुन्हा तापते. डायनोच्या दुरुस्ती सूत्रांत पेट्रोल इंजिनासाठी तापमानाचे वर्गमूळ धरतात ते म्हणूनच. त्या हिशेबाने अडीच टक्के मिळतात. शिवाय हवा ठरावीक तापमानाच्या वर गेली की नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशनचे टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. तिथून हवा खाली आणली की टायमिंगही परत येते. हा फायदा अनेकदा घनतेच्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

कामाचा क्रम

*पहिली पायरी: आहे ते नीट करा.* नवा कागदी फिल्टर बसवा, बॉक्सच्या झाकणाच्या सगळ्या क्लिपा बसतात का पाहा, थ्रॉटल बॉडीच्या झडपेमागचा काळा थर थ्रॉटल क्लीनरने फडक्याला लावून पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नका. आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. सफाईनंतर काही गाड्यांना आयडल पुन्हा शिकवावे लागते, त्याची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एवढे झाल्यावर मोजणी पुन्हा करा. याच आकड्यांशी पुढचा प्रत्येक बदल ताडून पाहायचा आहे.

*दुसरी पायरी: थंड हवेचा मार्ग.* हवा घेण्याची सर्वात चांगली जागा म्हणजे ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या पुढे किंवा बाजूला, बोनेटच्या कडेच्या उंचीजवळ. रेडिएटरच्या मागची हवा नको. ती आधीच तापून आलेली असते. बंपरच्या तळाशी किंवा चाकाच्या कमानीत फिल्टर नेला की हवा थंड मिळते खरी, पण साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर तेच पाणी इंजिन ओढते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन अंशांच्या थंडाव्यासाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

वरच्या हिशेबातल्या १.५ लिटर इंजिनाला ७५ मिमीची होस पुरते. नळीच्या छेदाच्या दीडपट छेद हा ढोबळ नियम. वळ्यावळ्यांची लवचिक होस वापरायची असेल तर ती पूर्ण ताणून बसवा आणि लांबी कमीत कमी ठेवा, कारण आतल्या प्रत्येक वळीला हवा घासत जाते. होसचे पुढचे टोक नुसते कापून सोडू नका. उघड्या कापलेल्या नळीत शिरताना हवा कडेपासून सुटते आणि आत आवर्त तयार होतात. नुकसान वेगदाबाच्या (हवा वेगात येताना जेवढा स्थिर दाब उतरतो त्याच्या) ०.८ पटीपर्यंत जाते. त्याच तोंडाला बाहेर वळलेली गोल कड, म्हणजे बेलमाउथ, दिली की ते ०.०५ पटीच्या आसपास येते. ७५ मिमीच्या तोंडाला साधारण १२ मिमी त्रिज्येची कड पुरेशी आहे. हा सगळ्या कामातला सर्वात स्वस्त फायदा, आणि तयार किटमध्ये नेमका हाच राहून गेलेला असतो.

समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब मिळेल अशी आशा धरू नका. ताशी १०० किलोमीटरला तो पाण्याचा जेमतेम साडेचार सेमी, म्हणजे अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. थंड हवा मिळवण्यासाठी समोर तोंड ठेवा, दाबासाठी नाही.

*तिसरी पायरी: बॉक्सचे तोंड मोठे करणे.* बॉक्स गाडीतून काढा. फिल्टरच्या आधीच्या बाजूचे, म्हणजे फक्त धुळीच्या बाजूचे तोंड होल-सॉने किंवा बारीक दातांच्या करवतीने वाढवा. स्वच्छ बाजूला हात लावायचा नाही. आतल्या कडा कानशीने गोल करा, बॉक्स साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. तळाला सर्वात खोल जागी पाणी निघायला ६ मिमीचे भोक असते. नसेल तर धुळीच्या बाजूलाच पाडा. बाहेरून होस बसवताना सांधा फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर बोनेटखालची गरम हवा त्याच फटीतून आत शिरते आणि दुसऱ्या पायरीची मेहनत वाया जाते.

नाकाजवळ किंवा नळीवर एक बंद डबा लटकलेला दिसेल. तो रेझोनेटर. त्यातून हवा वाहत नाही, म्हणून तो निरुपयोगी वाटतो. पण त्याचे आकारमान ठरावीक कंपनसंख्येच्या दाबलहरी शोषण्यासाठी निवडलेले असते. काढल्यावर मधल्या आरपीएमला टॉर्कमध्ये खड्डा पडणे ही नेहमीची तक्रार आहे. मोजणीत तो आड येत नसेल तर राहू द्या.

*चौथी पायरी: फिल्टर.* बॉक्समध्येच बसणारा पॅनेल फिल्टर बदलायचा की नाही हे अ आणि आ मधला फरक सांगेल. ५ सेमीच्या आत असेल तर नवा कागदी फिल्टरच ठेवा. घड्यांमध्ये किती क्षेत्रफळ दडलेले असते ते पाहा: १८ सेमी रुंदीच्या, ४ सेमी खोल अशा ५० घड्या म्हणजे ५० × ८ × १८ = ७२०० चौरस सेमी. सेकंदाला ६४ लिटर हवा त्यातून फक्त ९ सेमी प्रति सेकंद वेगाने झिरपते. अडथळा कमीच असणार.

तेल लावलेला सुती फिल्टर घेतलात तर तेलाच्या प्रमाणाकडे नीट लक्ष द्या. जास्त झालेले तेल बारीक थेंबांनी पुढे जाऊन एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) तापलेल्या तारेवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि सेन्सर चुकीचे वाचू लागतो. प्रत्येक घडीवर एकच बारीक धार, मग २० मिनिटे थांबणे, जिथे रंग पोहोचला नाही तिथेच पुन्हा थोडे, आणि रात्रभर तसेच ठेवून सकाळी बसवणे. तेल कमी पडले तर उलटा त्रास: धूळ आरपार जाते. सिलिकाची ही धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासते. धुळीच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीला चांगला कागदी फिल्टरच योग्य, याबद्दल आमचे मत ठाम आहे.

शंकूचा उघडा फिल्टर बसवायचाच असेल तर त्याभोवती बंद कप्पा करा. १.५ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, कडांना रबरी पट्टी, आणि बोनेट मिटल्यावर वरची कड त्याच्या आतल्या बाजूला टेकेल एवढी उंची. ती टेकते का हे पाहायला कडेवर ओला खडू फासून बोनेट एकदा मिटा. जिथे खूण उमटली नाही तिथे फट आहे.

*पाचवी पायरी: नळी.* काटकोनात कापून जोडलेले वळण वेगदाबाच्या १.१ पट खाते, नळीच्या व्यासाच्या दीडपट त्रिज्येचे गुळगुळीत वळण ०.२ ते ०.३ पट. म्हणून तीव्र वळणे काढणे फायद्याचे. व्यास मात्र थ्रॉटल बॉडीच्या तोंडाएवढाच ठेवा किंवा किंचित मोठा. उगाच मोठी नळी मग अचानक अरुंद झाली की तिथेच नुकसान होते.

नळी धातूची की प्लॅस्टिकची यावर फार वाद होतो. पूर्ण पॅडलवर हवा ६० सेमी नळीतून सुमारे ०.०३ सेकंदात पार होते. तेवढ्या वेळात तिला तापायला सवडच नसते. आयडलवर तीच हवा जवळपास सेकंदभर आत रेंगाळते आणि तापते, पण तेव्हा ताकद कुणाला हवी असते? त्यामुळे नळीवर चंदेरी टेप गुंडाळण्यापेक्षा हवा कुठून येते याकडे लक्ष द्या. गर्दीत थांबत थांबत चालणाऱ्या गाडीला प्लॅस्टिकची नळी थोडी बरी, एवढाच काय तो फरक.

एमएएफ सेन्सर: इथे सर्वात जास्त गाड्या बिघडतात

गाडीत एमएएफ आहे की फक्त मॅप सेन्सर, हे आधी पाहा. एमएएफ हा बॉक्स आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीत बसतो. मॅप सेन्सर मॅनिफोल्डवर असतो आणि दाब व तापमानावरून हवेचा हिशेब करतो. अशा गाडीत नळी बदलली तरी इंधनाचा हिशेब सहसा बिघडत नाही.

एमएएफ नळीच्या मध्यभागातला छोटासा प्रवाह मोजतो आणि ईसीयू तो अख्ख्या नळीचा धरून गुणाकार करतो. हा गुणाकार नळीच्या मूळ व्यासासाठीच असतो. ६० मिमीच्या जागी ७० मिमीच्या नळीत तोच सेन्सर बसवला तर तारेजवळचा वेग ३६०० ÷ ४९०० पट होतो, म्हणजे सेन्सरला खऱ्या हवेपेक्षा जवळपास २७ टक्के कमी हवा दिसते. ईसीयू तेवढेच कमी इंधन सोडतो. मिश्रण फिके होते. आयडलवर आणि सावकाश चालताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक सांभाळायचा प्रयत्न करतो, पण पूर्ण पॅडलवर जिथे पेट्रोल इंजिनाला १२.५ ते १३ हवेला १ इंधन असे दाट मिश्रण लागते तिथे फिके मिश्रण म्हणजे नॉकिंग आणि शेवटी वितळलेला पिस्टन.

म्हणून सेन्सरचे मूळ घर तसेच्या तसे वापरा किंवा नव्या नळीत सेन्सरजवळचा आतला व्यास मिलिमीटरपर्यंत मूळचाच ठेवा. सेन्सरची दिशा, खोली आणि कोन बदलू नका. त्याच्या आधी नळीच्या व्यासाच्या किमान तीन-चार पट सरळ भाग असावा. वळणाला चिकटून सेन्सर बसवला की प्रवाह एका बाजूला झुकतो आणि आयडल वरखाली होत राहते. आतली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी काढून टाकू नका. तिच्यामुळेच प्रवाह सरळ होतो. तार साफ करायची तर फक्त एमएएफ क्लीनर, लांबून, बोट न लावता, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबून. कार्ब्युरेटर क्लीनरने सेन्सर खराब होऊ शकतो.

जोडणी

इंजिन थंड असताना काम करा आणि बॅटरीची ऋण तार काढा; रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो. कुठलीही होस काढण्याआधी फोटो घ्या.

इंजिन आपल्या माउंटवर हलते. पॅडल झटकन दाबले की ते दोन-तीन सेंटिमीटर एका बाजूला कलू शकते. त्यामुळे बॉडीला बांधलेला बॉक्स आणि इंजिनावरचा थ्रॉटल यांच्यामध्ये लवचिक सिलिकॉन होस हवीच, आणि नळीभोवती चारही बाजूंनी २५ मिमी मोकळी जागा. नळीचे टोक सिलिकॉनमध्ये किमान २५ मिमी आत जावे, टोकाला उठावाची कड असावी आणि क्लॅम्प त्या कडेच्या मागे बसावा. क्लॅम्प इतकाच आवळा की होस हाताने फिरत नाही; ४ न्यूटन-मीटरच्या आसपास. जास्त आवळला तर पट्टी सिलिकॉन कापते, आणि प्लॅस्टिकचे थ्रॉटल तोंड चिरते.

क्रँककेसची (इंजिनाच्या तळाच्या कप्प्याची) हवा आणणारी बारीक होस नळीला जोडलेली असते. ती एमएएफच्या पुढेच, नव्या नळीवर त्याच मापाच्या नोझलला परत जोडा. उघडी ठेवली किंवा तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावला तर एमएएफच्या गाडीत न मोजलेली हवा आत शिरते, शिवाय तेलाची वाफ बोनेटखाली पसरते.

बोनेट हळू मिटा. टेकते आहे अशी शंका आली तर नळीवर मातीचा किंवा च्युइंगगमचा छोटा गोळा ठेवून मिटा, उघडा आणि गोळ्याची जाडी पाहा.

पहिली स्टार्ट आणि फ्युएल ट्रिम

इंजिन सुरू करून कामकाजाच्या तापमानाला येऊ द्या. ओबीडीवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूला इंधन किती टक्के वाढवावे किंवा घटवावे लागते ते, पाहा. दोन्हींची बेरीज बदलाआधीच्या आकड्यापासून ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० च्या पुढे गेली तर गाडी जोरात चालवायची नाही.

बेरीज आयडलवर जास्त धन आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. आयडलवर एकूण हवाच कमी असते, त्यामुळे फटीतून येणारा वाटा मोठा दिसतो. बेरीज भाराबरोबर वाढत जात असेल तर गळती शोधत बसू नका. एमएएफचा व्यास चुकला आहे किंवा इंधनाचा दाब पुरत नाही. चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१ हा कोड आला तर मिश्रण फिके, पी०१७२ आला तर दाट, पी०११३ म्हणजे तापमान सेन्सरची जोडणी बहुधा विसरली.

गळती शोधायला स्मोक मशीन (नळीत धूर भरून फट दाखवणारे) सर्वात खात्रीचे. ज्वालाग्राही स्प्रे मारून आवाज बदलतो का ते पाहण्याची जुनी पद्धत तापलेल्या एक्झॉस्टशेजारी आग लावू शकते, ती टाळा. फिल्टरच्या बैठकीची परीक्षा मात्र सोपी आहे. रबरी कडेला ग्रीसचा पातळ थर लावून फिल्टर बसवा, आठवडाभर गाडी चालवा, मग उघडा. जिथून धूळ निसटते तिथे ग्रीसवर बारीक करडी रेघ आडवी उमटलेली दिसते. स्वच्छ बाजू पांढऱ्या फडक्याने पुसूनही पाहा.

टर्बो आणि डिझेल

टर्बोच्या आधीचा अडथळा गुणाकाराने वाढतो. टर्बो दाब दुप्पट करत असेल तर आधीचे ३ किलोपास्कल नुकसान पुढे ६ होते. ईसीयू ठरलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) गाठण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरवतो, त्यामुळे ताकद कागदावर तीच राहिली तरी हवा जास्त तापते आणि बूस्ट उशिरा येतो. इनटेक मोकळा केल्याचा फायदा इथे जास्त जाणवतो. पण ओढही जास्त असते: टर्बोच्या आधीची साधी सिलिकॉन होस पूर्ण पॅडलवर आत पिचकते. तिथे आत तारेची गुंडाळी असलेली होसच लागते. टर्बोच्या चाकाला सैल स्क्रू, किस, फिल्टरचा धागा काहीही चालत नाही.

आधुनिक डिझेलमध्ये ताकद ठरते ती ईसीयूने दिलेल्या इंधनाच्या मर्यादेवर. ट्यून न बदलता नुसता इनटेक बदलून तिथे फार काही हाती लागत नाही. शिवाय ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात नेणारी व्यवस्था) एमएएफच्या आकड्यावर चालत असल्याने सेन्सर बिघडला तर काजळी वाढते.

फरक पडला का

डायनोवर बदलाआधी आणि नंतर किमान तीन-तीन फेऱ्या घ्या, त्याच दिवशी, इंजिन तेवढेच तापलेले असताना, बोनेट मिटून. बोनेट उघडे ठेवून समोर मोठा पंखा लावला की उघडा फिल्टरसुद्धा उत्तम आकडे देतो, रस्त्यावर मात्र तो पंखा नसतो. एकाच गाडीच्या दोन फेऱ्यांत एक-दोन टक्क्यांचा फरक सहज येतो, त्यामुळे एकाच फेरीवरून निष्कर्ष काढू नका.

डायनो नसेल तर एमएएफचा कमाल आकडा पाहा. पेट्रोल इंजिनात ग्रॅम प्रति सेकंद × १.२५ हा अश्वशक्तीचा ढोबळ अंदाज; ७३ ग्रॅमला साधारण ९१. नळी किंवा सेन्सरची जागा बदललेली असेल तर हा आकडा तुलनेला चालणार नाही. त्याऐवजी बंदिस्त ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ६००० आरपीएमचा वेळ लॉगमधून काढा, दोन्ही दिशांनी, टाकीत तेवढेच इंधन ठेवून.

कामाआधी दोन गोष्टी तपासा: तुमच्या भागातले वाहन बदलांचे नियम, आणि वॉरंटी व विम्याच्या अटी. मूळ बॉक्स, नाक आणि क्लिपा जपून ठेवा.

बसवल्यावर १०० किलोमीटरनी सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळा, कारण सिलिकॉन तापून थोडे बसते. त्याच वेळी ट्रिमची नोंद घ्या आणि पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला त्याच्याशी ताडून पाहा. आणि गाडी कधी खोल पाण्यात बंद पडली तर स्टार्टर फिरवू नका. आधी फिल्टर उघडून पाहा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढा, मग इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा.